गावात नेटवर्क मार्केटिंग करायचं म्हणता? वऱ्हाडातले लोकं नेहमी विचारतात ते प्रश्न

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात आपलं नेटवर्क मार्केटिंगचं काम चालते, म्हणजे कंपनीचा माल घरोघरी विकायचा, आपल्याखाली विकणारे जोडायचे आणि त्यावर कमिशन घ्यायचं. नवीन माणूस टीममध्ये येवो की नुसता चौकशीला येवो, प्रश्न तेच ते राहतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलं. कोणत्या कंपनीची जाहिरात नाही, आपल्या कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही, कारण यातलं जवळजवळ सगळं कोणत्याही कंपनीले लागू पडते. वाचून वाटलं की आपल्याच्यानं हे होत नाही, तर तेही चांगलंच, पेट्रोल वाचलं.

भाऊ, हे चेन मार्केटिंगच ना? मांगं गावातले लोकं बुडले तेच?

साखळी दोन्हीकडे राहते म्हणून बाहेरून सारखंच दिसते. फरक एकाच ठिकाणी आहे, पैसा कोणाच्या खिशातून येऊन राहिला ते पाहा. ज्याले तुमच्या जॉइनिंगशी काही घेणंदेणं नाही असा बाहेरचा माणूस स्वतःच्या पैशानं साबण घेते, संपला की परत मागते, त्यातून तुम्हाले मार्जिन आणि वरच्याले कमिशन भेटते, तर तो धंदा. नवीन माणसानं भरलेले पैसे जुन्या माणसात वाटले जातात आणि माल नावालाच असतो, किंवा नसतोच, तर ते पिरॅमिड. त्याच्यावर १९७८ पासून कायद्यानं बंदी आहे, प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा, तीन वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. आणि हे लोकांना माहीत नसते की फक्त चालवणाराच नाही, सभासद जोडत फिरणाराही त्यात येते. म्हणजे कंपनी गुजरातची असो की दिल्लीची, पोलीस आधी गावातल्या जोडणाऱ्याच्या दारात येतात.

दुसरे ते २०२१ चे नियम, ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम, २८ डिसेंबर २०२१ ले निघाले. त्यात डायरेक्ट सेलिंगले, म्हणजे दुकानाशिवाय थेट गिऱ्हाइकाले माल विकायले, परवानगी आहे, पण पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशनले साफ मनाई. अमेरिकेत हाच वाद १९७९ मध्येच झाला होता, ॲमवे या डायरेक्ट सेलिंग कंपनीच्या केसमध्ये. तिथे कंपनी पिरॅमिड नाही असं ठरलं त्यात त्यांच्या दोन नियमांचा मोठा वाटा होता, एक म्हणजे घेतलेल्या मालातला किमान ७० टक्के माल विकल्याशिवाय बोनस नाही, आणि दुसरा म्हणजे महिन्याला किमान दहा गिऱ्हाइकांना किरकोळ विक्री दाखवायची. म्हणजे तिथेही शेवटी गिऱ्हाईकच मोजलं गेलं, जॉइनिंग नाही.

कंपनी खरी का खोटी हे खेड्यात बसून कसं कळणार?

पहिली गोष्ट, आयडी, म्हणजे विकणारा म्हणून कंपनीत नाव नोंदवल्याचा नंबर, तो काढायचे पैसे मागतात का. नियमाप्रमाणे एन्ट्री फी, रजिस्ट्रेशन फी घेता येत नाही, डेमोच्या सामानाचे पैसेही नाही. दुसरी, लेखी करार देतात का, आणि त्यात कूलिंग ऑफ पिरियड किती दिवसांचा लिहिला आहे, म्हणजे सही केल्यावर दंड न भरता माघार घ्यायची मुदत. तिसरी, कंपनीचं भारतात नोंदणीकृत ऑफिस आहे का आणि वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-नंबर आहे का. त्या नंबरवर फोन लावून पाहा, उचलतात का तेच लय काही सांगून जाते. चौथी गोष्ट कोणी पाहत नाही, पण मी तीच आधी पाहतो: कमाईचा प्लॅन समजावताना माणूस मालावर किती वेळ बोलला? दीड तासाच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्ट पाच मिनिटं आणि बाकी सगळं गाडी, बंगला, बँकॉक, तर उठून या.

माल नसलेले ॲप तर सोडूनच द्या. "रोज जाहिराती पाहा", "टास्क करा", "पैसे टाका, रोज दोन टक्के", त्याले नेटवर्क मार्केटिंग म्हणूच नका.

कंपनी लय मोठी आहे, टीव्हीवर जाहिरात येते, म्हणजे सेफ ना?

नाही. एप्रिल २०२२ मध्ये ईडीनं ॲमवे इंडियाची ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली होती, कंपनीनं आरोप नाकारले, तो कोर्टकचेरीचा विषय आहे आणि त्यावर मी काही बोलत नाही. पण सांगायचं हे की मोठं नाव असलं म्हणून तुमचा धंदा आपोआप बरोबर होत नाही, तुमच्या गावात तुम्ही कसा करता यावर तुमचं पाहिलं जाईल.

चालू करायले किती पैसे लागतात?

आयडी फुकट. पण खेळ कुठे होते ते सांगतो. "आयडी फ्री आहे ताई, फक्त ॲक्टिव्ह करायले सात हजाराचं पॅकेज घ्या." म्हणजे फीच झाली ना, नाव बदललं फक्त. तुमच्या घरात महिनाभरात जे खपते तेवढाच माल घ्या, दोन-तीन गोष्टी सॅम्पल दाखवायले, एक जाड रजिस्टर, झालं. अप्पर, म्हणजे तुम्हाले जोडणारा वरचा माणूस, म्हणेल "मोठं घ्या, मोठा विचार करा", ऐकून घ्या आणि घेऊ नका, कारण त्या मालावरचे पॉइंट, ज्यावर कमिशन मोजतात ते, त्याच्याही खात्यात धरले जातात.

आणि बाप्पा, कर्ज काढून नाही. पीक कर्जाचे पैसे नाही, बायकोचं मंगळसूत्र नाही, बचत गटाचं तर बिलकुलच नाही. मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याले येते, तुमचं कमिशन महिन्याले, तेही आलं तर. गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायांना भरावा लागते, मंग गल्लीत जे भांडण होते त्याच्यापुढे तुमचा बिझनेस प्लॅन काही कामाचा नाही.

पहिल्या वर्षी किती कमाई होईल? खरं सांगा.

खरं सांगायचं तर हिशेबच मांडून दाखवतो, हे फक्त उदाहरण आहे. समजा ४० घरं बांधली, प्रत्येक घर महिन्याले ३०० रुपयांचा माल घेते. विक्री झाली १२,०००. तुमचं मार्जिन २० टक्के धरलं तर २,४००. आता पेट्रोल, रिचार्ज, सॅम्पलमध्ये वाटलेलं, एखाद्यानं बुडवलेलं, सगळं मिळून ७०० काढा. हातात १,७००. लोकं काय करतात, बारा हजाराची विक्री स्टेटसले टाकतात आणि घरी सांगतात "बारा हजाराचं काम केलं". बारा हजार तुमचे नाहीत, ते कंपनीचे आहेत, तुमचे सतराशे.

आणि ही ४० घरं बांधायलेच वर्ष जाऊ शकते. ज्याले पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडायची आहे, शेती बटईनं देऊन टाकायची आहे, त्यानं हे करूच नये. शेती, दुकान, शिलाई मशीन, जे काय चालू आहे ते चालू ठेवून हे करा.

गावात कोणता माल चालते?

जो रोज संपते तो. साबण, कपडे धुवायचं पावडर, भांड्याचं लिक्विड, टूथपेस्ट, डोक्याचं तेल, फिनाइल. ज्याले परत मागणी येत नाही त्याच्यावर धंदा उभा राहत नाही. वीस हजाराचं पाण्याचं मशीन एकदा विकलं की त्या घरचं काम दहा वर्षांसाठी संपलं, आणि खेड्यात अशी घरं असतात तरी किती.

आता आमच्या भागातली खास गोष्ट. आपला खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारं, साबणाले फेसच येत नाही, कपडे कडक होतात, पांढरी बनियन पिवळी पडते. कंपनीच्या व्हिडिओत बाई नळाच्या गोड पाण्यात कपडा बुडवते आणि फेसच फेस. तो व्हिडिओ दाखवूच नका. ज्या घरी गेले त्याच घरचं बोअरचं पाणी मागा, दोन बादल्या, एकीत त्यांचं नेहमीचं पावडर, दुसरीत तुमचं, आणि कापसाच्या वावरातून आलेला मळका शर्ट त्यांचाच. वहिनीच्याच हातानं घासू द्या, तुम्ही हात लावू नका. बरोबर अर्धा तास भिजवा, घाई नको, तोवर चहा येते. फरक पडला तर ती स्वतःच शेजारणीले हाक मारते, नाही पडला तर सांगून टाका की या पाण्यात हे चालत नाही आणि दुसरं दाखवा. असं सांगितलं ना, की पुढच्या वेळी ती बाई तुमच्यावर भरवसा ठेवते. माझ्याकडचं एक पावडर गोड पाण्याच्या गावात मस्त चालते आणि खारपाणात काहीच कामाचं नाही, तर मी ते दर्यापूरच्या खालच्या बाजूले विकतच नाही, कंपनी काही म्हणो.

भांड्याच्या लिक्विडवर किमतीचा प्रश्न येणारच. "एवढं महाग? दहा रुपयाची भांडे घासायची बट्टी भेटते दुकानात." त्याच्यावर लेक्चर देऊ नका. एक बाटली किती दिवस पुरते ते त्याच घरात तारीख टाकून पाहा, झाकणावर पेनानं तारीख लिहायची, संपली की परत तारीख. दिवसाचा खर्च निघते. बट्टीपेक्षा महाग निघाला तर निघाला, मंग त्या घरी भांड्याचं लिक्विड विकू नका, दुसरं काही पाहा.

उन्हाळ्याचं पण ध्यानात ठेवा. एप्रिल-मे मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाते आणि टिनाच्या खोलीत तर विचारूच नका. जेलीवाल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, क्रीम पातळ होते, लिपस्टिक वाकते. त्या दोन महिन्यांत असा माल मागवायचाच नाही किंवा ऑर्डर आली तेवढाच आणून त्याच दिवशी पोचवायचा.

शेतीचं टॉनिक, ग्रोथ प्रमोटर विकू का? त्यात लय मार्जिन आहे म्हणतात.

मार्जिन आहे, हे खरं. म्हणूनच पोरं त्याच्यामागं लागतात. पण हा एकच विषय आहे जिथे मी टीमले थेट नाही म्हणतो.

कीटकनाशक विकायले १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागते, खताले १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे, आणि २०२१ पासून बायोस्टिम्युलंट म्हणजे हे जे ह्युमिक, सीवीड, अमिनो वगैरे म्हणून विकलं जाते तेही त्याच आदेशात आणलं आहे. पाठीवर बॅग टाकून, मोटरसायकलवर, बिना परवान्याचं, बिना बिलाचं हे विकता येत नाही. कृषी विभागाचा इन्स्पेक्टर पकडते तेव्हा कंपनीचा डायमंड लीडर, म्हणजे वरच्या पदावरचा माणूस, फोन उचलत नाही.

आणि कायदा बाजूले ठेवला तरी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यात दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारण्याचीही चर्चा लय झाली होती. आता तुम्ही जे टॉनिक द्याल ते माणूस कशात मिसळून मारेल, तुमच्या हातात आहे का ते? पीक गेलं तर तो तुमच्याच ओट्यावर येऊन बसते, आणि त्याचं बरोबरच राहते.

शुगर, बीपी, गुडघेदुखी यावरचे प्रॉडक्ट?

फूड सप्लिमेंट विकता येते, औषध म्हणून नाही. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर पाहा, तो नंबर म्हणजे ते खाण्याचा पदार्थ आहे, औषध नाही. "शुगर मुळापासून जाते", "इन्सुलिन बंद करा", "कॅन्सर बरा झाला" असं बोलणं, स्टेटसले टाकणं, हे १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात गुन्हा आहे, आणि शुगर, बीपी, कॅन्सर सगळे त्या यादीत आहेत. खेड्यात लोकं भोळे नाहीत पण दवाखान्याले कंटाळलेले असतात, अकोल्याले जाण्या-येण्यातच मजुरी जाते. त्याचा फायदा घेऊ नका. कोणी म्हातारं माणूस म्हणालं "मंग मी गोळी बंद करू का बेटा?" तर उत्तर एकच, नाही काका, डॉक्टरले विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. तेवढ्यानं विक्री गेली तर जाऊ द्या.

पहिले गिऱ्हाईक कुठून आणू? सगळे सांगतात नातेवाइकांची शंभर नावांची लिस्ट बनवा.

लिस्ट बनवा, पण शंभराची नाही, आणि जॉइन करण्यासाठी नाही. सोयऱ्याले पहिल्याच भेटीत प्लॅन दाखवला की तो पुढच्या लग्नात तुम्हाले पाहून दुसऱ्या पंगतीत बसते. आत्या, मावशी, साळा, यांच्याकडे फक्त माल घेऊन जा आणि किमतीत पैसे घ्या, फुकट देऊ नका, फुकटचं कोणी वापरत नाही.

खरं गिऱ्हाईक बाजाराच्या दिवशी भेटते. आठवडी बाजारात मजुरांच्या हाती पैसा असतो, त्या दिवशी संध्याकाळी गावात राहा. लहान पॅक ठेवा, पाच लिटरचा कॅन कोणी घेत नाही. शिलाईवाली ताई, चक्कीवाला, सलूनवाला, यांच्याकडे दिवसभर लोकं बसतात, त्यांना वापरायले द्या, विकायले लावू नका. नियमाप्रमाणे ओळखपत्र जवळ पाहिजे आणि आधी विचारल्याशिवाय कोणाच्या घरात शिरायचं नाही. खेड्यात कोण अपॉइंटमेंट घेते म्हणाल, पण "वहिनी, उद्या दुपारी येऊ का?" एवढं विचारलं तरी झालं ना.

"आला पाहा चेनवाला" म्हणतात, लोकं पाहून रस्ता बदलतात. काय करू?

म्हणणारच, आपल्याआधी दहा जण येऊन फसवून गेले. वाद घालायचा नाही. पुढचे तीन-चार महिने जॉइनिंगचा शब्दही काढायचा नाही, नुसता माल. बिल द्यायचं, खराब निघालं तर बदलून द्यायचं, बस. त्याच्यापलीकडे काही उपाय मला तरी माहीत नाही.

टीम कशी वाढवायची? लीडर म्हणते प्रत्येकानं पाच आणा, त्या पाचांनी पाच.

कागदावर करून पाहा. ५, २५, १२५, ६२५, ३,१२५. पाचव्या पायरीले तीन हजार वस्तीचं गाव संपलं, तान्ही लेकरं धरून. दहाव्या पायरीले आकडा जाते ९७ लाखांच्या वर, आणि २०११ च्या जनगणनेत अख्खा यवतमाळ जिल्हा २७ लाख ७२ हजारांचा होता. म्हणून जो फळ्यावर गोल काढून असा गुणाकार दाखवते त्याले विचारा की शेवटच्या ओळीतले लोकं कोणाले आणणार.

मी काय करतो, गिऱ्हाइकातूनच टीम घेतो. जी बाई सहा-सात महिने स्वतः वापरते, स्वतःहून चार जणींना सांगते, तिले विचारतो की ताई, आयडी घेता का, तुम्हालेच मार्जिन राहील. अशा तीन-चार बाया एका तालुक्यात लय झाल्या. मंग पहिला महिना तिच्यासोबत फिरायचं, तिचं रजिस्टर आपण पाहायचं. कपाशीत नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, कशा लगेच भरतो, उशीर झाला तर रोप मागंच राहते, तसंच एखादी सुटली तर त्याच महिन्यात तिचे गिऱ्हाईक दुसरीकडे द्यायचे, नाहीतर ते दुकानाच्या बट्टीवर परत गेलेच समजा.

आणि "तुम्ही दोन जण आणा, तुमचा माल फुकट पडते" असं गिऱ्हाइकाले सांगून विकायचं नाही. लोकं आणले की किंमत वसूल होते असं सांगून विकायले २०२१ च्या नियमांत मनाई आहे. लय लीडर हेच शिकवतात.

उधारी द्यावी का?

हा प्रश्न पुण्यातल्या ट्रेनरले विचारा, तो म्हणेल "नेव्हर". त्याले आपलं कॅलेंडर माहीत नाही.

आपल्याकडे पैसा कधी येते? मूग आला तर पोळ्याच्या पुढेमागे थोडा, दसरा-दिवाळीले सोयाबीन, नंतर कापूस, जानेवारीत तूर, मार्चपर्यंत हरभरा. आणि जून म्हणजे पेरणी, जे होतं नव्हतं ते बियाण्यात-खतात गेलं. जुलै-ऑगस्ट तर पूर्ण कोरडे, आखाडीले पुरणाची डाळ उधार आणणारे घरं आहेत. म्हणजे जूनमध्ये टार्गेट वाढवणारा लीडर वेडा समजायचा. माझा नियम असा आहे, जमलं तर घ्या: उधारी फक्त जुन्या गिऱ्हाइकाले, फक्त एका महिन्याच्या मालाची, आणि जुनी चुकती झाल्याशिवाय नवीन नाही. रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर लिहायचं, रक्कम आणि "सोयाबीन विकल्यावर" असं काय ते. मी पाहिलं आहे की शेतकरी पीक विकल्यावर स्वतः आणून देते, पण तुम्ही ते लिहिलेलं पाहिजे, कारण अडत्यापासून सोसायटीपर्यंत सगळे त्या पैशाची वाट पाहून राहिले असतात आणि जो आधी आठवण देते त्याचे आधी निघतात. कापसाचं चुकारं बँकेत जमा झालं की गावात अर्ध्या दिवसात कळते, त्याच दिवशी चक्कर मारा.

जूनमध्ये पगारदार गिऱ्हाईक कामाले येतात. ग्रामसेवक, शाळेतले सर, एसटीतले कंडक्टर, पेन्शनवाले काका. तुमच्या ४० घरांत दहा-बारा अशी पाहिजेतच, नाहीतर पावसाळा निघत नाही.

बचत गटाच्या मीटिंगमध्ये डेमो घेऊ का?

अध्यक्षताईंना विचारून, मीटिंगचं काम झाल्यावर, वीस मिनिटं. गटाच्या खात्यातून माल घ्यायले लावायचा नाही, गटाच्या सीआरपीले, म्हणजे गटांचं काम पाहणाऱ्या ताईले, फुकटचा माल देऊन सगळ्यांवर दबाव आणायचा नाही. गट स्वतःचं फिनाइल किंवा साबण बनवत असेल, लय गट बनवतात, तर तिथे तुमचं फिनाइल काढूच नका, टूथपेस्ट दाखवा. बायांच्या पोटावर पाय देऊन गावात टिकता येत नाही.

मी जिल्हा परिषदेत शिक्षक आहे, करू शकतो का?

सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. बायकोच्या नावानं आयडी आणि फिरायचं सरांनीच, असं चालते लय ठिकाणी, पण तक्रार झाली तर नोकरीवर येते. पालकांना माल विकणं तर बिलकुल नाही, पोरगं तुमच्या वर्गात आहे म्हणून तो नाही म्हणू शकत नाही.

नागपूरच्या मोठ्या सेमिनारले जावंच लागते का? दोन हजाराचं तिकीट आहे.

नाही. एकदा जा, पाहा, गाणे ऐका. पण तिकीट, राहणं, कोट, टाय, मोटिव्हेशनचे पुस्तकं, हे ज्याचा धंदा आहे त्याची कमाई त्याच्यातच आहे, साबणात नाही. महिन्याले हातात सतराशे आणि सेमिनार दोन हजाराचा, हा हिशेब पाचवीतलं पोरगंही करते. माल समजून घ्यायचा असेल तर तालुक्याच्या पिकअप पॉइंटवर, म्हणजे कंपनीचा माल जिथून उचलतो तिथे, अर्धा दिवस बसा, कोणता माल परत येऊन राहिला ते पाहा.

व्हॉट्सॲपवर काय टाकू?

चेकचे फोटो नको, दुसऱ्याच्या गाडीजवळ उभं राहून फोटो तर नकोच, गावात सगळ्यांना माहीत असते गाडी कोणाची आहे. नवीन माल आला, किंमत एवढी, कोणत्या वारी कोणत्या गावात येतो, एवढंच टाका. गावाच्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगसोबत प्लॅन टाकला की ॲडमिन काढून टाकते. ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर कंपनीचा माल विकायचा विचार असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागते.

जीएसटी, टॅक्स, कागदपत्रं?

आधार, पॅन, बँक पासबुक. पॅन नसलं तर कमिशनवर जास्त टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, कापला जाते, म्हणून ते आधी काढा. टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरून परत भेटू शकते, तालुक्याच्या कोणत्याही टॅक्सवाल्याकडे होते. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाले ४० लाखांची आहे, आपल्यातला कोणी तिथे पोचला तर पेढे घेऊन या. तरी करारात जीएसटीबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून घ्या.

घरचे विरोध करतात, बाबा म्हणतात "हे काय लावलं बे".

बाबांना प्लॅन दाखवू नका. महिन्याच्या शेवटी रजिस्टर दाखवा, खर्च वजा करून. काही महिने आकडा मायनसमध्येच असेल तर बाबांचं बरोबर आहे.

सोडायचं असेल तर? माल पडून आहे.

करार काढा, त्यात मालवापसीचं आणि कूलिंग ऑफचं कलम शोधा. मुदतीत असाल तर अर्ज लेखी द्या, ईमेल किंवा स्पीड पोस्ट, अप्परच्या हाती चिठ्ठी देऊन भागत नाही, तो ती खिशात ठेवून देते. सील न तोडलेला माल, बिलासकट, फोटो काढून परत पाठवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याले ४८ कामकाजाच्या तासांत पोच द्यावी लागते आणि साधारण महिन्याभरात तक्रार मिटवावी लागते, तक्रारीचा नंबर मागून घ्या. तरी होत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि मालच नव्हता, फक्त पैसे भरून घेतले असतील, तर वाट पाहू नका, पोलीस स्टेशनले नाहीतर जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, ग्रुपवरचे मेसेज डिलीट करायच्या आधी.

ज्यांच्याकडून ॲडव्हान्स घेतला त्यांचे पैसे आधी परत करा, मंग स्वतःचं पाहा. उधारीचं रजिस्टर मात्र अप्परले देऊ नका, तो ते नवीन आयडीच्या लिस्टसारखं वापरते. ती वसुली स्वतःच करा, तूर विकली गेली की.